हुरड्याच्या दिवसांतलं विमान

परवा फुलंब्रीहून धाकट्या भाऊजींनी हुरड्याची पिशवी पाठवली. कोवळी कणसं आणि तळाशी कागदात बांधलेली जवसाची चटणी. पिशवी दारातून आत घेतली आणि माझ्या नाकाला आधी ज्वारीचा नाही, थिनरचा वास आला. घरात थिनरची बाटली आता नाही, ती मीच भंगारवाल्याला दिली. पण आमच्याकडे हे दोन वास पंचवीसेक वर्षं बरोबरच यायचे. एक आला की दुसरा न बोलावता मागोमाग येतो.

आमचे हे नौदलात होते. पोलिस ॲक्शन झाली त्या सालचा जन्म, आणि गाव फुलंब्री. विहिरीला पाणी लागलं तर जिथे पेढे वाटायचे तिथला हा मुलगा अठराव्या वर्षी समुद्रावर गेला. जहाजावरून उडणारी विमानं, त्यांची चाकं, पंखांच्या बिजागऱ्या, पत्र्याचे सांधे, हे सांभाळायचं काम. विमान चालवायचात का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "उडवायचो नाय. उडण्याजोगं ठेवायचो." मी वैजापूरची, शाळेत मास्तरीण. माझी नोकरी इथे शहरात, सासूबाई फुलंब्रीत, आणि हे पाण्यावर. वीस वर्षांत माझ्या वाट्याला आल्या त्या रजा. समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला, तोही काठावर चपला हातात धरून.

सुटून आले तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले. गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या. आता माणूस घरी बसेल, चार गोष्टी बोलेल, असं मला वाटलं होतं. तर या गृहस्थांनी गॅलरीत टेबल मांडून विमानं बनवायला घेतली. मुंबईहून कुणाकुणाकडून खोकी यायची. आत प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग, नखाएवढी चाकं, भाताच्या शितापेक्षा बारीक दांडे. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि मग रंगवायचे. विमान पुरं झालं तरी वीतभर. मी म्हणायचे, "वीस वर्षं सवतीकडे राहून आलात ते आलात, आता तिचे फोटो घरात लावताय." ते हसायचे आणि ब्रश शोधायला लागायचे. ब्रश कानामागे खोचलेला असायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

जोडकाम बारा महिने चालायचं, पण रंग फक्त हुरड्याच्या दिवसांत. उन्हाळ्यात इथे रंग ब्रशावरच वाळून जातो. पावसाळ्यात वरच्या वार्निशवर पांढुरकी साय धरते. पौष-माघात हवा कोरडी आणि थंड, सकाळी वारा पडलेला, धूळ खाली बसलेली. त्या पाच-सहा आठवड्यांत रंग सांगितलेलं ऐकतो, असं ते म्हणायचे. टेबलाच्या एका टोकाला डबीत राखाडी रंग आणि दुसऱ्या टोकाला ताटात हुरडा. एकदा त्यांनी ब्रश चटणीत बुडवला होता आणि मी आठवडाभर त्यावरून त्यांना छळलं होतं.

आता या दिवसांत जळगाव रोडला लागलं की हुरडा पार्टीच्या पाट्याच पाट्या. डोक्यावर भाड्याचे फेटे, मोबाइलवर फोटो, उंटाची सवारी. हुरड्याचा आणि उंटाचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. शहराचं नावही बदललं. मी पत्रावर नवं नाव लिहिते, पण त्या एका हंगामाचं आठवलं की तोंडात औरंगाबादच येतं, कारण ते सगळं तेव्हाच घडलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा पाय दोनदा उंबऱ्याला अडखळला. मग चहाचा कप बशीच्या शेजारी ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेल्यातच जमा होता, त्यांनी तो कधी गेला ते मला कळू दिलं नव्हतं. उजव्यात नळीतून दिसावं तेवढं उरलेलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब घाला, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस टिकेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. पंधरा वर्षं न उघडता ठेवलेलं. पाणबुड्या शोधणारं विमान, पुढे एकच पंखा, आत तीन माणसं. नाव फ्रेंच, ते मला कधी नीट उच्चारता आलं नाही. याच जातीचं एक विमान त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतं. त्याचा खिळा न् खिळा त्यांना पाठ. पुढे ती विमानं निवृत्त झाली आणि ते भंगारात गेल्याचं कुणी तरी कळवलं, तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते.

"हे राह्यलंय बघ," ते म्हणाले. "एकदा पुरतं झालेलं बघितलं, की बास. मग डोळे गेले तरी माझी तक्रार नाय."

असं म्हणून त्यांनी माझ्यावर केवढं ओझं टाकलं ते त्यांच्या लक्षातही आलं नसेल. त्यांना ते दिसायला हवं होतं. नुसतं पुरं होऊन चालणार नव्हतं, त्यांना दिसतंय तोवर पुरं व्हायला हवं होतं. मी कॅलेंडरकडे पाहायचं सोडून दिलं.

जोडकाम त्यांनी केलं, बोटांनी चाचपत, तोंडानं मोजत. पंख पसरलेलं करू या, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "नाय. जहाजावर काम संपलं की पंख मिटायचे आन् खाली न्यायचं. मिटलेलंच करायचं." पंख कापून त्यांनी वर दुमडून बसवले. एक दिवस चिकटवायचा डिंक पुढच्या काचेवर सांडला, त्यांना दिसला नाही. मी तो हळूच पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाई, आता तुम्ही."

मला ते बाईच म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं. आणि मग शिकवणी सुरू झाली. एक जाड थर देण्यापेक्षा चार पातळ दे. ब्रश एकाच दिशेनं ओढ. सांध्यांतून काळं पाणी सोड आणि बाहेरचं लगेच टिपून घे, काजळ घालतात तसं. वरून गडद राखाडी, पोटाशी फिकट. "वरून बघणाऱ्याला समुद्र वाटला पाह्यजे, खालून बघणाऱ्याला आभाळ." मी म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकणं पुरे करा, चहा प्या." ते चहा प्यायचे आणि उजवा डोळा माझ्या हातावर धरून बसायचे. तो डोळा काय बघत होता, किती बघत होता, हे मला रोज विचारावंसं वाटायचं. मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटत होती.

गडद राखाडी संपला म्हणून मी शहागंजात रंगवाल्याकडे गेले. चिठ्ठीवर यांनी लिहून दिलं होतं, समुद्री राखाडी. म्हाताऱ्या दुकानदारानं चिठ्ठी लांब धरून वाचली.

"समंदर का राखोडी होना? अम्मा, औरंगाबाद में तो धूल का राखोडी मिलता, समंदर का किधर से लाऊँ?"

तरी त्यानं काळ्यात पांढरा, पांढऱ्यात जरासा निळा घालत अर्धा तास घालवला आणि झाकणावर बोटानं लावून दाखवला. घरी आल्यावर हे डबी डोळ्याशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. "हाच," म्हणाले. "त्याला कसा काय ठावा?" मी त्यांना धुळीची गोष्ट सांगितली. दोघंही खूप हसलो. त्या हंगामातलं ते शेवटचं मोकळं हसणं.

शेपटीवरची अक्षरं खोक्यातच यायची. कागदावर छापलेली, पाण्यात भिजवून अलगद सरकवायची. पंधरा वर्षांत ती पिवळी पडली होती. बशीतल्या पाण्यात सोडली आणि पापडाचा चुरा व्हावा तसा त्यांचा चुरा झाला. मला रडू आलं. हे म्हणाले, "रडते काय? तीस वर्षं फळ्यावर काय केलं मग?" आकडे त्यांनी तोंडी सांगितले, ते त्यांना झोपेतही आठवले असते. मी डब्यांच्या झाकणांवर सराव करायला लागले. सगळ्यात बारीक ब्रश, पांढरा रंग, ज्वारीच्या दाण्याएवढी अक्षरं. तूरडाळीच्या डब्याच्या झाकणावर ते आकडे अजून आहेत.

तारेसाठी त्यांना माझा केस लागायचा. काचेमागून शेपटीपर्यंत रेडिओची एक तार असते, त्या मापाला दोरा जाड पडतो. दर विमानाच्या वेळी हाक यायची, "एक लांब केस दे." शोकेसमध्ये ओळीनं बघितलं तर पहिल्या विमानांची तार काळी आहे, मधल्यांची करडी. या विमानाला मी पांढरा केस दिला. त्यांनी तो बोटांत धरला, उजेडाकडे नेला, आणि "हाये का हातात?" असं विचारलं.

अक्षरांखेरीज राहिलं होतं ते एक शेवटचं काम. "नवंकोरं ठेवू नको," ते म्हणाले होते. "कामावर राबलेलं दिसू दे. कसं ते मी सांगतो तुला." पण दुसऱ्या दिवशी डोळा ठणकत होता आणि ते पडून होते. मी भाऊजींच्या बोलावण्यावरून सकाळच्या एसटीनं फुलंब्रीला गेले. रानात आगटी पेटली होती, भाऊजी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होते, कुणी पोत्यावर चोळत होतं. "दादाला का नाय आणलं वैनी?" भाऊजींनी विचारलं. मी म्हटलं, थंडी सोसत नाही. गरम दाणे तळहातावर होते आणि माझं लक्ष बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे. चाकं, पोट, दांडे, सगळं मातीनं माखलेलं. राबलेलं असंच दिसतं. आमच्या एसटीचं पोट असंच, बैलगाडीचा आस असाच, यांच्या स्कूटरचं मडगार्ड असंच. मी हातरुमालात मूठभर माती बांधून घेतली.

संध्याकाळी ती वस्त्रगाळ केली. मऊ ब्रशानं चाकांना लावली, पोटाला लावली, पंखांच्या मुळाशी थोडी, वरून वार्निशचा पातळ हात दिला. दिसत होतं इतकं सुरेख की माझा मलाच हेवा वाटला. अक्षरं तेवढी उद्या निवांत काढू, असं ठरवलं.

सकाळी ते गॅलरीत उन्हाला बसले होते. मला राहवलं नाही. विमान तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "बघा."

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. उजव्या डोळ्याशी नेलं, उन्हाकडे फिरवलं, परत जवळ आणलं. एक बोट पोटावरून हळू फिरवत नेलं, मध्येच थांबवलं, आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. शेजारी कुणी तरी नळाखाली बादली लावली होती, ती भरून वाहायला लागली.

"झालं," ते म्हणाले. "लई देखणं झालं, बाई. शेपटीवरली अक्षरं बी कशी एका ओळीत आलीत. फळ्यावरच्यासारखी."

शेपटी कोरी होती.

"हो," मी म्हणाले.

मी आत जाऊन नळ सोडला आणि भांड्यांच्या आवाजात रडून घेतलं. उशीर झाला होता. किती, ते मला आजही माहीत नाही. कदाचित आदल्या दिवशी दिसत होतं आणि मी फुलंब्रीला हुरडा खात होते. कदाचित डिंक सांडला तेव्हापासूनच दिसत नव्हतं. त्यांनी तेवढी एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्या हातून झाली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून या माणसानं न दिसणाऱ्या विमानाचं, न काढलेल्या अक्षरांचं कौतुक केलं होतं. दुपारी ते झोपल्यावर मी टेबलाशी बसले आणि अक्षरं काढली. त्यांचं बोलणं खोटं राहू नये, एवढंच डोक्यात होतं. हात जराही हलला नाही. अक्षरं खरंच एका ओळीत आली.

मला कळलंय हे मी त्यांना कळू दिलं नाही. होळीच्या सुमाराला त्यांना भिंत धरून चालावं लागलं, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. पण त्या सकाळबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. पुढे दोन वर्षं ते होते. रोज आंघोळ झाली की शोकेस उघडायचे, विमान हातात घ्यायचे आणि पोटावरून बोट फिरवून परत ठेवायचे. बोट नेहमी पोटावरून. मला वाटायचं, चाकं जागेवर आहेत का ते बघत असतील. मेकॅनिकची खोड, म्हणून मी सोडून द्यायचे. मग एका श्रावणात, तापाचं निमित्त होऊन, ते गेले.

गेल्या वर्षी याच दिवसांत सावंत आले होते. हे आणि सावंत जहाजावर शेजारच्या बंकवर झोपायचे. माणूस मालवणचा, आता पंचाहत्तरीचा. वेरूळ बघायला मुलीबरोबर आले, तसे घरी आले. शोकेससमोर उभे राहिले, एकेका विमानाला नावानं हाक मारावी तसं नाव घेतलं. शेवटच्या विमानाशी थांबले आणि मी ते काढून त्यांच्या हातात दिलं.

"हेच ते होय," ते म्हणाले. उलटं करून पाहिलं आणि हसले. "वहिनी, समुद्रावर माती कुठली हो?"

मला कळेना.

"भर समुद्रात धूळ नसते. तिथे मीठ असतं. पंखांवर पांढरे ओघळ उतरायचे, रोज गोड्या पाण्यानं धुवावं लागायचं. आमच्या कपड्यांवरसुद्धा."

रजेवर यायचे तेव्हा त्यांच्या कामाच्या निळ्या डांगरीवर पांढरे पट्टे असायचे. वीस वर्षं मी ते घामाचे म्हणून घासले. मी कशीबशी म्हणाले, "म्हणजे चुकलंच की सगळं. शेवटचं विमान आणि तेच चुकवलं मी. बरं झालं त्यांना दिसलं नाही."

सावंतांनी विमान टेबलावर ठेवलं. "दिसलं नाही ते खरं. पण कळलं होतं. तू हे हातात दिलंस त्याच संध्याकाळी फोन केला होता त्यानं मला. म्हणाला, सावंता, आता काय बी दिसत नाय, पण तिला सांगू नको, लई राबली ती. आणि म्हणाला, पोटावर बोट फिरवलं तर माती. आपल्या रानातली. कुणब्याच्या पोराला बोटाला कळत नाय व्हय? वीस वर्षं हिला सोडून ज्याची चाकरी केली, ते हिनं फुलंब्रीला आणून उतरवलं. मी म्हटलं, मीठ लावायला सांग की तिला. तर माझ्यावर खेकसला. कुणी पुसायला गेलं तर हात तोडीन म्हणाला."

सावंत गेले त्यानंतर मी कितीतरी दिवस शोकेस उघडली नाही.

परवा हुरडा गॅसवर तव्यात भाजला. रानातली चव येत नाही, पण हात काळे होतात तेवढेच बरे. हात धुतले, शोकेस उघडली, विमान घेऊन त्यांच्या खुर्चीत उन्हाला बसले. माझ्याही एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दोन्ही डोळे मिटून घेतले. आधी पोटावरून बोट नेलं. माती लागली, बारीक, खरखरीत, अगदी चटकन कळणारी. मग शेपटीवरून नेलं. एकदा नेलं, परत नेलं. काहीच लागलं नाही. चार पातळ हात, त्यांनी शिकवले तसेच मी दिले होते. अक्षरं बोटाला लागत नाहीत.

म्हणजे मी ती काढली हे त्यांना कधी कळलंच नाही. शेपटी कोरी होती तेव्हा आणि तिच्यावर अक्षरं होती तेव्हा, दोन्ही वेळा त्यांनी ती माझ्या भरवशावर वाचली.